उन्हाळी शिबिर आणि व्हायोलिनची पेटी

मैत्रिणींनो, या सदरात कैरीच्या लोणच्यापासून सासू-सुनेच्या अबोल्यापर्यंत सगळं काही येऊन गेलं. या वेळचं पत्र मात्र जरा निराळं आहे. नाशिककडच्या एका भगिनीने लिहिलंय. तिची मुलगी चौदा वर्षांची. सातव्या वर्षापासून पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकते. यंदा अमेरिकेतल्या एका उन्हाळी संगीत शिबिरात तिची निवड झाली. सहा आठवडे, देशोदेशीची मुलं, ऑर्केस्ट्रा आणि चेंबर म्युझिक. थोडी रक्कम शिष्यवृत्तीत सुटते, बाकीची भरायला बँकेतली ठेव मोडावी लागेल. सासरे म्हणतात, "एवढ्या पैशात पोरीच्या लग्नाचं सोनं होईल." यजमान गप्प. मुलगी धड जेवत नाही. "ताई, हे शिबिर म्हणजे असतं तरी काय? पाठवू की नको?"

ठेव मोडायची ती कशासाठी, हे आधी नीट कळायला हवं. म्हणून आज जरा तपशिलात शिरू या.

आपल्याकडे व्हायोलिन म्हटलं की मांडी घालून बसलेले, वाद्याचं टोक पावलावर टेकवलेले वादक डोळ्यांपुढे येतात. तंबोरा, तबला आणि एक मुख्य कलाकार. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राचा संसार वेगळा. तिथे साठ-सत्तर जणांचं एकत्र कुटुंब असतं आणि प्रत्येकाला काय वाजवायचं ते कागदावर लिहून दिलेलं असतं. असं वादन घरी एकटीने कितीही रियाज केला तरी शिकता येत नाही. पोहायला जसं पाणी लागतं, तशी इथे माणसं लागतात. म्हणून ही उन्हाळी शिबिरं निघाली.

अमेरिकेतलं फार जुनं आणि नावाजलेलं शिबिर म्हणजे मिशिगन राज्यातलं इंटरलॉकेन. जोसेफ मॅडी नावाच्या संगीतशिक्षकाने 1926 साली डेट्रॉइटला शिक्षकांच्या परिषदेपुढे देशभरातल्या शाळकरी मुलांचा एक ऑर्केस्ट्रा उभा केला. थोडे दिवस एकत्र वाजवून घरी परतायचं, हे मुलांच्या जिवावर आलं. तेव्हा मॅडींनी 1928 मध्ये दोन तळ्यांच्या मधल्या रानात शिबिरच काढलं. इंटरलॉकेन या नावाचा अर्थही 'तळ्यांच्या मधलं' असाच. मुलं लाकडी खोल्यांत राहतात आणि सगळ्यांना एकच निळा गणवेश. कोणाचे वडील कारखानदार आणि कोणाचे कारकून, ते कपड्यांवरून कळू नये हा त्यामागचा विचार. आपल्या शाळांतून आपण हेच तर सांगतो! शिबिराची सांगता लिस्ट या संगीतकाराच्या 'ले प्रेल्यूद' या रचनेने करायची, ही तिथली परंपरा.

मॅसॅच्युसेट्समधलं टँगलवूड हेही असंच मोठं नाव. सर्ज कुसेवित्स्की यांनी तिथली उन्हाळी शाळा 1940 मध्ये सुरू केली. पहिल्याच तुकडीत लिओनार्ड बर्नस्टाइन होते, पुढे जगभर गाजलेले. आणि 1958 साली तिथे कोण गेलं होतं, ठाऊक आहे? आपल्या मुंबईचे झुबिन मेहता! त्याआधी 1956 च्या उन्हाळ्यात ते इटलीत सिएना गावी संचालनाच्या वर्गाला गेले होते. त्याच वर्गात क्लाउडिओ अब्बाडो होते आणि तेरा वर्षांचे डॅनिएल बॅरेनबॉइम. तिघेही पुढे जगातल्या मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांचे संचालक झाले, आणि तिथे जुळलेली मैत्री टिकली. झुबिनचे वडील मेहली मेहता मुंबईत व्हायोलिन वाजवत. 1935 साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि पुढे अमेरिकेत गेल्यावर 1964 मध्ये लॉस एंजेलिसला तरुणांचा ऑर्केस्ट्रा काढून तो कितीतरी वर्षं चालवला. तेव्हा "हे आपल्यातलं नव्हे" असं कोणी म्हणालं, तर मुंबईच्या या घराचं नाव खुशाल सांगा.

आता तिथे दिवस कसा जातो ते बघा. सकाळी ऑर्केस्ट्राची तालीम. मग एकेका वाद्यगटाची वेगळी तालीम. शिक्षकांपुढे एकटीचा धडा, स्वतःचा रियाज, दुपारी चेंबर म्युझिक आणि रात्री कुणाची तरी मैफल. चेंबर म्युझिक म्हणजे थोडक्या जणांचं वादन. बहुतेक वेळा चौघांचं: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. हायडनने अशा चौकडीसाठी सदुसष्ट-अडुसष्ट रचना केल्या आणि हा प्रकार रुजवला.

चौकडीत काठी हलवणारा संचालक नसतो. मग एकदम सुरू कसं करायचं? पहिलं व्हायोलिन वाजवणारी मान किंचित उचलून श्वास घेते, बाकीचे तिघे तिच्याबरोबर श्वास घेतात आणि चारही गज एका क्षणी तारेवर उतरतात. कोणी किती जोरात वाजवायचं, कुठे थांबायचं, हे चौघांनी बोलून ठरवायचं. भांडणं होतात, रुसवे होतात आणि संध्याकाळपर्यंत मिटवावेही लागतात, कारण मैफल शनिवारी असते! यातला व्हायोला म्हणजे एकत्र कुटुंबातली मधली सून म्हणा ना. तिचं नाव कोणी घेत नाही, पण ती दोन दिवस माहेरी गेली की सगळं घर पोकळ वाटतं. मुलांना हे कळतं ते व्याख्यानाने नव्हे, तिचा सूर मधेच थांबला की कळतं.

ऑर्केस्ट्रात दोघांत मिळून एक स्टँड असतो. आतल्या बाजूला बसणारा पानं उलटतो, तेवढा वेळ दुसरा वाजवत राहतो. एवढीशी गोष्ट, पण पहिल्यांदा भेटलेल्या परक्या मुलावर भरवसा ठेवावा लागतो. बॅरेनबॉइम आणि एडवर्ड सैद यांनी 1999 च्या उन्हाळ्यात जर्मनीत वायमारला इस्रायली आणि अरब तरुण वादकांना एकत्र बोलावलं. त्यातून वेस्ट-ईस्टर्न दिवान हा ऑर्केस्ट्रा जन्माला आला. एका स्टँडवर बसल्याने राजकारण सुटत नाही. पण शेजारच्याचं ऐकल्याशिवाय पुढचा सूर लावता येत नाही, एवढं तरी अंगवळणी पडतं.

आता कडू भाग. पहिल्या एक-दोन दिवसांत परीक्षा घेऊन जागा ठरवतात. आपल्या गावात पहिली येणारी मुलगी तिथे दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत बसू शकते. इंटरलॉकेनला तर पूर्वी आठवड्याला जागेसाठी आव्हान देण्याची पद्धत होती. शेजारच्या दोघांनी तोच तुकडा वाजवायचा आणि बाकीच्यांनी न बघता, नुसतं ऐकून मत द्यायचं. तेव्हा पहिल्या आठवड्यात रडत फोन येईल, हे धरून चाला. "मला घरी यायचंय" म्हटल्यावर लगेच तिकीट बघू नका. "उद्या धड्याला काय आहे? आज जेवलीस का? मैफलीत काय ऐकलंस?" असं विचारा. जागा कितवी मिळाली हे नातेवाइकांना कळवू नका. बहुतेक मुलांचं दुसऱ्या आठवड्यात ताळ्यावर येतं. पण कोणी छळतंय, कोणाच्या वागण्याची भीती वाटते, असं ती म्हणाली तर मात्र त्याच दिवशी संस्थेशी बोला.

म्हणूनच होकार देण्याआधी काही प्रश्न संस्थेला लेखी विचारा. मुलींच्या खोल्यांवर रात्री कोण असतं? शिक्षक आणि मदतनीस नेमताना त्यांची चौकशी होते का? एकट्याच्या धड्याच्या खोलीला काचेचं दार आहे का? तक्रार कोणाकडे करायची? फोन केव्हा करता येतो? शाकाहारी जेवणाची सोय काय? आजारपणाचा विमा कोणी काढायचा? व्हिसासाठी कोणते कागद मिळतील? चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही.

शाळेचंही बघा. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. जूनअखेर ते ऑगस्टची सुरुवात, म्हणजे आपली शाळा सुरू होऊन जोरात चाललेली असते. नववीत असेल तर मुख्याध्यापकांना अर्ज देऊन रजा मिळते का पाहा. वह्या उतरवून द्यायला एखादी मैत्रीण गाठून ठेवा. दहावीचं वर्ष असेल तर दोनदा विचार करा.

जाणं ठरलंच तर बांधाबांध अशी:

व्हायोलिन विमानात आपल्याजवळच ठेवायचं, सामानात टाकायचं नाही. चेलो असेल तर त्याला वेगळ्या आसनाचं तिकीट काढावं लागतं. जुन्या गजाच्या टोकाला हस्तिदंत असेल तर परदेशात अडवणूक होऊ शकते. तेव्हा साधा, नवा गज न्यावा आणि त्याची पावती जवळ ठेवावी.

उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत पेटी कधीही ठेवू नये. व्हायोलिन सरसाने जोडलेलं असतं. उष्णतेने सरस सुटतो आणि सांधे उकलतात. पेटीत तारांचा एक जादा संच, राळेची वडी आणि मऊ सुती फडकं असू द्या.

शिसपेन्सिली आणि खोडरबर भरपूर. गजाच्या खुणा कागदावर रोज बदलतात, म्हणून पेन चालत नाही. आणि हो, कपडे वाळत घालायचे अर्धा डझन चिमटे! उघड्यावरच्या मैफलीत वारा आला की कागद उडतात. चिमटे लावलेली मुलगीच वाजवत राहते.

मैफलीसाठी काय नेसायचं ते संस्था कळवते. बहुधा काळे-पांढरे कपडे किंवा गणवेश. उत्तर अमेरिकेत तळ्याकाठी रात्री गारवा असतो, म्हणून स्वेटर हवाच. डासांचं मलम, पाण्याची बाटली आणि प्रत्येक कपड्यावर शिवलेलं नाव.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हात. घरी रोज तासभर वाजवणारी मुलगी तिथे एकदम पाच-सहा तास वाजवते आणि मनगट, खांदा दुखून बसतो. आधीचा महिनाभर वेळ हळूहळू वाढवा. तासाला दहा मिनिटं हात खाली सोडून विश्रांती घ्यायला शिकवा. दुखलं तर लपवायचं नाही, हे तिला चारदा सांगा. मागे पितळी वाद्यं बसतात, त्यासाठी कानात घालायचे बोळेही द्या.

आता पैशाचं. ती ठेव आजारपणासाठी किंवा म्हाताऱ्यांच्या औषधांसाठी राखलेली असेल, तर यंदा नको म्हणा, आणि मुलीला खरं कारण सांगा. "मुलीच्या जातीला काय करायचंय" असलं खोटं कारण सांगू नका. ते तिच्या मनात जन्मभर राहतं. संस्थेला आणखी शिष्यवृत्तीसाठी पत्र घालायला हरकत नाही, त्यात कमीपणा मुळीच नाही. ते न जमल्यास आपल्या किंवा शेजारच्या शहरात व्हायोला आणि चेलो वाजवणारी मुलं शोधा. चौघांना रविवारी आपल्या बैठकीच्या खोलीत बसवा, मधे एकदा पोहे द्या. हायडनच्या रचनांवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही, त्यांचे जुने छापील कागद फुकट मिळतात. मुंबईच्या एनसीपीएमध्ये 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यांच्या मैफलीला मुलांना घेऊन जा.

पण ती ठेव नुसती "पुढे लग्नाला उपयोगी पडेल" म्हणून असेल, तर माझं मत पाठवावं असंच आहे. मुलगी वादक होईलच असं नाही. बँकेत लागेल, शिक्षिका होईल, संसार करील. पण चौदाव्या वर्षी परमुलखात आपलं दुखणं-खुपणं आपण बघणं, शेवटच्या रांगेत बसूनही सूर खरा लावणं आणि तीन परक्यांशी भांडून पुन्हा एकत्र वाजवणं, एवढं तिने केलं, तर लग्नात घातलेल्या चार बांगड्यांपेक्षा ते तिच्या जास्त उपयोगी पडेल.

आणि सासऱ्यांशी वाद घालू नका. सात वर्षं त्या घरात व्हायोलिन वाजतंय, पण त्यांनी ते समोर बसून कधी ऐकलंय का? रात्रीची जेवणं झाली की त्यांना आरामखुर्चीत बसवा आणि मुलीला एक पूर्ण रचना वाजवू द्या. यजमानांनाही तिथेच बसू द्या. मग संस्थेचे कागद आणि बँकेचं पासबुक दोन्ही समोर ठेवून बोला. होकार कळवायला संस्थेने तारीख दिलेली असते. ती पाहून याच आठवड्यात हे सगळं करा, आणि त्याआधी मुलीला पोटभर जेवायला घाला.