राष्ट्रभक्तीला स्वातंत्र्याचे वावडे नाही

ऑक्टोबर २०१६ मध्ये गोव्यातून एक बातमी आली होती. पणजीतील एका चित्रपटगृहात राष्ट्रगीत सुरू असताना एक गृहस्थ उभे राहिले नाहीत, म्हणून त्यांना मारहाण झाली. ते गृहस्थ अपंग होते. चाकांच्या खुर्चीवाचून त्यांना वावरता येत नव्हते. हात उचलणाऱ्याने क्षणभर थांबून पाहिले असते, तर एवढी गोष्ट त्याच्या ध्यानात आली असती. पण थांबून पाहण्याइतका धीर त्याच्यापाशी नव्हता, आणि आपण देशाची सेवाच करीत आहोत अशी त्याची समजूत असावी. ज्या गीताच्या सन्मानासाठी तो हात उठला, त्या गीताचाच सन्मान त्या हाताने उणा केला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३० नोव्हेंबर २०१६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील चित्रपटगृहांत खेळापूर्वी राष्ट्रगीत वाजविण्याचा आणि उपस्थितांनी उभे राहण्याचा आदेश दिला. अपंगांना सवलत देणारा खुलासा पुढच्याच महिन्यात करावा लागला. ९ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयाने स्वतःचाच आदेश बदलून राष्ट्रगीत वाजविणे ऐच्छिक ठरविले. महाराष्ट्राला या प्रथेचे नावीन्य नव्हते. येथील चित्रपटगृहांत ती २००३ पासूनच सुरू झाली होती. त्याही आधी, चीनच्या १९६२च्या आक्रमणानंतरच्या काळात, खेळ संपल्यावर राष्ट्रगीत वाजविले जात असे. लोक मात्र घरी जाण्याच्या घाईत दाराकडे वळत, आणि हळूहळू ती प्रथा मागे पडली. म्हणून त्या पिढीची देशभक्ती उणी होती असे कोणी म्हणेल काय? याच पिढीतील स्त्रियांनी राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी अंगावरचे सोने उतरवून दिले होते. सोने देण्याची सक्ती कोणी केली नव्हती. सक्तीविना जे घडले ते इतिहासात राहिले. नियमाने जे घडविले गेले ते विरून गेले.

हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. गेल्या काही वर्षांत देशभक्ती आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांची जणू भाऊबंदकी लागली आहे, असे चित्र वृत्तवाहिन्यांवरील चर्चांतून रंगविले जाते. एका बाजूला असे म्हणणारे आहेत की राष्ट्राचे नाव निघाले की प्रत्येकाने मान तुकवावी आणि जो प्रश्न विचारील तो परका समजावा. दुसऱ्या बाजूला असे विद्वान आहेत की ज्यांना ‘भारत माता की जय’ या शब्दांतही हुकूमशाहीची पावले ऐकू येतात. दोघांचाही मूळ समज एकच आहे : देशावर प्रेम करणे म्हणजे स्वातंत्र्याचा काही हिस्सा सोडून देणे. पहिल्याला तो सौदा मान्य आहे, दुसऱ्याला नाही, एवढाच काय तो फरक. सौद्याची ही कल्पनाच मुळात खोटी आहे, हे स्वतंत्र भारताचा इतिहास सांगतो.

तिरंग्याचेच उदाहरण घ्यावे. २००२ सालापर्यंत सामान्य नागरिकाला आपल्या घरावर वर्षभर राष्ट्रध्वज फडकविण्याची मुभा नव्हती. ज्या ध्वजासाठी लोकांनी छातीवर गोळ्या झेलल्या, तो स्वराज्यात सरकारी इमारतींपुरता उरला होता. उद्योजक नवीन जिंदाल यांनी रायगढ येथील आपल्या कारखान्यावर ध्वज लावला तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. प्रकरण न्यायालयात गेले. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता अमलात आली, आणि २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सन्मानपूर्वक राष्ट्रध्वज फडकविणे हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे. हा अधिकार घटनेच्या कोणत्या कलमातून निघाला? कलम १९(१)(क) मधून, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून! २०२२ साली ‘हर घर तिरंगा’च्या हाकेला ओ देऊन गावोगावी, चाळींच्या गॅलऱ्यांत आणि झोपड्यांच्या दारांत जो ध्वज फडकला, तो तेथवर पोहोचण्याची वाट व्यक्तिस्वातंत्र्याच्या दारातूनच गेली होती. नागरिकाचे स्वातंत्र्य मान्य झाले, तेव्हाच ध्वज घराघरांत आला.

राष्ट्रवादी विचारांच्या वृत्तपत्रसृष्टीला तर हा धडा फार पूर्वीच मिळाला आहे. मार्च १९५० मध्ये, प्रजासत्ताक होऊन दोन महिनेही लोटले नव्हते, तोच दिल्लीच्या प्रशासनाने ‘ऑर्गनायझर’ साप्ताहिकावर पूर्वनियंत्रण लादले. पाकिस्तानविषयक आणि जातीय प्रश्नांवरील मजकूर, सरकारी सूत्रांकडून वा वृत्तसंस्थांकडून न आलेली छायाचित्रे व व्यंगचित्रे आधी अधिकाऱ्यांना दाखवून मंजूर करून घ्यावीत, असा तो फर्मानवजा आदेश होता. पूर्व बंगालमधून हिंदू निर्वासितांचे लोंढे येत होते आणि त्यांच्या व्यथा छापणे सरकारला गैरसोयीचे वाटत होते. प्रकाशक ब्रिजभूषण यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्याच सुमारास ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या विचारांच्या साप्ताहिकावर मद्रास सरकारने बंदी घातली होती आणि त्याचे रोमेश थापर हेही न्यायालयात आले होते. दोन टोकांच्या विचारांची ही दोन नियतकालिके. पण २६ मे १९५० रोजी दोघांनाही एकाच दिवशी न्याय मिळाला. पुढच्याच वर्षी नेहरू सरकारने पहिली घटनादुरुस्ती आणून अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील निर्बंधांची व्याप्ती वाढविली. तिला संसदेत ज्यांनी प्राणपणाने विरोध केला, त्यांत डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी अग्रभागी होते. स्वातंत्र्याची भाषा राष्ट्रवाद्यांनी कोणाकडून उसनी आणलेली नाही.

आणीबाणीची कथा तर अनेक स्वयंसेवकांच्या घरांत आजही जिवंत आहे. २५ जून १९७५च्या रात्री देशाच्या कानांवर पडदा टाकला गेला. ४ जुलैला संघावर बंदी आली. सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्याच्या तुरुंगात होते. हजारो कुटुंबांतील कर्ते पुरुष ‘मिसा’खाली कोठडीत गेले आणि घरातील स्त्रियांनी शिवणकाम करून, शिकवण्या घेऊन चुली पेटत्या ठेवल्या. त्या तुरुंगांत जनसंघीय होते, समाजवादी होते, सर्वोदयी होते. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्यासाठी उभ्या राहिलेल्या दुर्गा भागवत संघविचाराच्या नव्हत्या. पण त्यांनाही पुढे कारावास भोगावा लागला. नागरिकाला बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने एप्रिल १९७६ मध्ये ठरविले, तेव्हा एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळे मत नोंदवून उभे राहिले आणि त्याची किंमत म्हणून त्यांना सरन्यायाधीशपदास मुकावे लागले. त्या काळात ‘इंदिरा म्हणजेच इंडिया’ असे काँग्रेसचे अध्यक्षच सांगत होते. देशावरचे प्रेम म्हणजे सत्ताधाऱ्यावरचे प्रेम, हे समीकरण एकदा रूढ झाले की देश कोठे जाऊन पोहोचतो, ते भारताने सुमारे एकवीस महिने अनुभवले.

म्हणूनच स्वातंत्र्याच्या नावाने आज गळा काढणाऱ्या काही मंडळींना त्यांचा स्वतःचा इतिहास विचारणे गैर नाही. आणीबाणीला भारतीय कम्युनिस्ट पक्षाने पाठिंबा दिला होता. सलमान रश्दी यांच्या कादंबरीच्या आयातीवर १९८८ साली बंदी घालणारे सरकार राजीव गांधींचे होते. २००७ साली तस्लिमा नसरीन यांना कोलकाता सोडावे लागले, तेव्हा तेथे डाव्या आघाडीचेच राज्य होते. संगणकावरील मजकुरासाठी माणसांना गजाआड टाकणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ हे कलम संयुक्त पुरोगामी आघाडीच्या काळात आले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. ज्यांचे स्वातंत्र्यप्रेम माणसाचा पक्ष आणि धर्म पाहून जागे होते वा झोपी जाते, त्यांच्याकडून स्वातंत्र्याचे धडे घेण्याची गरज कोणालाच नाही.

परंतु दुसऱ्याचा दुटप्पीपणा दाखविल्याने स्वतःची जबाबदारी संपत नाही. विरोधात असताना स्वातंत्र्याचे मोल सर्वांनाच कळते. आपल्याला प्रिय असणारा विचार सत्तेच्या जवळ असतो, तेव्हा खरी परीक्षा होते. लोकमान्य टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली ती राजद्रोहाच्या आरोपाखाली. परकी सरकारवरील टीका हा तेव्हा गुन्हा होता. स्वराज्यातही कलम १२४-अ अनेक दशके तसेच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी त्याचा वापर स्थगित केला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्दच उरला नाही. त्याऐवजी कलम १५२ मध्ये देशाच्या सार्वभौमत्वाला, एकतेला आणि अखंडतेला धोका आणणाऱ्या कृत्यांचा गुन्हा आला. राज्यकर्ता आणि राष्ट्र यांतील हा भेद तत्त्वतः स्वागतार्ह आहे. मात्र कागदावरचा भेद पोलीस ठाण्यातही पाळला गेला पाहिजे. एखाद्या मंत्र्यावर व्यंगचित्र काढणाऱ्या महाविद्यालयीन मुलाला या कलमाचा धाक घातला जाऊ लागला, तर शब्द बदलूनही राजद्रोहच परत आला असे म्हणावे लागेल.

हा भेद संघपरंपरेला नवा नाही. संघाने गुरुस्थानी व्यक्ती न ठेवता भगवा ध्वज ठेवला, यामागील विचार हाच आहे. व्यक्ती कितीही थोर असली तरी ती स्खलनशील असते. निष्ठा तत्त्वावर असावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत हाच इशारा दिला होता : धर्मातील भक्ती माणसाला मोक्षाकडे नेऊ शकेल, पण राजकारणातील व्यक्तिपूजा हमखास अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. दोन वेगळ्या दिशांनी आलेले दोन विचारप्रवाह या एका मुद्द्यावर येऊन मिळतात, हा योगायोग नाही.

याचा अर्थ स्वातंत्र्याला मर्यादाच नको, असा नव्हे. दक्षिणेत फुटीरतेची भाषा बोलली जाऊ लागली, तेव्हा १९६३ साली सोळाव्या घटनादुरुस्तीने देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता हा निर्बंधाचा आधार घटनेत घातला गेला, आणि ते योग्यच झाले. घर जाळण्याचे स्वातंत्र्य घरात राहणाऱ्या कोणालाही नसते. सीमेवर जवानाचा देह पडत असता त्याच्या मारेकऱ्याचा जयजयकार करणे याला मतभेद म्हणत नाहीत. पण मर्यादा जेवढी स्पष्ट आणि नेमकी, तेवढी ती टिकाऊ. शेतीच्या भावाबद्दल, परीक्षेतील घोटाळ्याबद्दल, रस्त्यावरील खड्ड्यांबद्दल सरकारला जाब विचारणाऱ्याला देशाचा शत्रू ठरविले, तर खऱ्या शत्रूसाठी शब्दच शिल्लक उरणार नाही.

राहिला प्रश्न प्रेमाचा. राष्ट्रगीताचा अपमान हा कायद्याने गुन्हा आहे आणि तो असावा. १९७१चा कायदा त्यासाठीच आहे. परंतु कायदा फार तर अपमान रोखू शकतो, आदर निर्माण करू शकत नाही. राज्यघटनेतील मूलभूत कर्तव्यांत पहिलेच कर्तव्य राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांच्या आदराचे आहे. ही कर्तव्ये ४२व्या घटनादुरुस्तीने १९७६ साली, म्हणजे नागरिकांचे हक्क गोठविले गेले असताना आली. जनता सरकारने १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने त्या काळातील पुष्कळ अनिष्ट बदल पुसून टाकले. यापुढे आणीबाणीतही जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा अधिकार स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. कर्तव्यांचे प्रकरण मात्र तसेच ठेवले. यातील शहाणपण ओळखले पाहिजे. हक्क हिरावून कर्तव्ये लादणे हा जुलूम. हक्क सुरक्षित ठेवून कर्तव्याची आठवण देणे हा संस्कार.

तो संस्कार करण्याची जागा न्यायालय नव्हे, चित्रपटगृह तर नव्हेच. ती जागा घर आहे, शाळा आहे, शाखेचे मैदान आहे. मतदानाच्या दिवशी लागून सुट्टी आली म्हणून सहलीला निघणारे सुशिक्षित कुटुंब मुलांना काय शिकविते, पावतीशिवाय खरेदी करून कर वाचविणारा बाप कोणता देशाभिमान देतो, याचा विचार राष्ट्रगीताला उभे राहताना व्हायला हवा. बावन्न सेकंद उभे राहणे सोपे आहे. उरलेला दिवस सरळ राहणे कठीण आहे. ज्या घरात आजोबा नातवाला येरवड्याच्या भिंतीमागचे दिवस सांगतात आणि १५ ऑगस्टला त्याचा हात धरून झेंडावंदनाला नेतात, त्या घरात देशभक्ती आणि स्वातंत्र्य यांच्यात निवड करण्याची वेळ येत नाही. त्या नातवाला कोणी उभे राहायला सांगावे लागत नाही. आणि शेजारी बसलेल्या माणसाला उभे राहता येत नसेल, तर त्याच्यावर हात उगारण्याचे त्याच्या मनातही येत नाही. राष्ट्रगीत संपल्यावर त्याची खुर्ची दारापर्यंत नेण्यासाठी तोच आधी पुढे होतो.