न्यायाची भाषा
१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सोलापूरच्या पक्षकाराची मुंबईवारी वाचली. वकिलांच्या दीर्घ लढ्याचे हे फळ आहे. परंतु अंतर केवळ मैलांचे नसते. १९९९ नंतर पूर्व तिमोरमध्ये राष्ट्रसंघाच्या परदेशी विधी-अधिकाऱ्यांनी न्यायसंस्था जवळजवळ शून्यातून उभारली. कामकाज मात्र चार भाषांत अडखळले आणि तेतुम बोलणारा फिर्यादी स्वतःच्याच खटल्यात परका ठरला. मराठी वा तेलुगू बोलणाऱ्या सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराची गत, परकी राजवट नसतानाही, निराळी कुठे आहे? अनुच्छेद ३४८(२) अन्वये राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार येथील उच्च न्यायालयांत हिंदीला मुभा मिळाली. महाराष्ट्राच्या राज्यपालांनी राष्ट्रपतींच्या संमतीने मराठीलाही ती द्यावी, ही मागणी कामगार संघटनांनी आता लावून धरली पाहिजे.