नळाला जोर हवा, पण कुठून?

उन्हाळ्याच्या दिवसांत जबलपूरच्या एखाद्या जुन्या वस्तीतून पहाटे सहाच्या सुमारास चक्कर मारली, तर नळाला पाणी आल्याची पहिली खूण कानी पडते ती पाण्याच्या आवाजाने नव्हे, मोटरींच्या घरघरीने. "अगं, टुल्लू लाव लवकर, शेजारच्या वहिनींनी कधीच लावलाय!" अशी हाक एका घरातून येते आणि पाचच मिनिटांत, ज्या घरी मोटर नाही त्या घरची धार करंगळीएवढी होते. मग थेंब थेंब, मग नुसती हवा. त्या घरचे लोकही महिन्याभरात मोटर आणतात. त्यांचे तरी काय चुकले, असे कुणी म्हणेल. पण मुख्य नळालाच मोटर लावून पाणी ओढण्यात नुकसान शेजाऱ्यांचे होते तेवढेच स्वतःचेही होते, आणि ते पाण्याच्या मापात नाही, आरोग्याच्या मापात मोजावे लागते.

तसे पाहिले तर जबलपूर हे पाण्याचे शहर. येथे एके काळी बावन्न ताल होते, असे जुनी माणसे सांगतात. राणीताल राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा आणि आधारताल तिच्या दिवाणाचा, ही कथा येथील प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते. इंग्रजी अमदानीत, १८८३ साली, खंदारी जलाशयाचे पाणी शहरात आले. राजा गोकुळदास यांचे आर्थिक साहाय्य त्या कामी झाले होते. आज शहराची मोठी भिस्त नर्मदेवर आहे. पण नर्मदामाई शहराच्या दक्षिणेला आणि शहरापेक्षा खालच्या पातळीवर वाहते. म्हणजे ग्वारीघाटावर ओंजळीत सहज येणारे पाणी घरातल्या नळात यायचे, तर ते आधी उचलून उंच टाक्यांत चढवावे लागते. तिथून ते उतरते, आणि त्या उतरण्यालाच आपण नळाचा जोर म्हणतो.

जोर मिळण्याचे मार्ग दोनच, एक उंची आणि दुसरा पंप. रेल्वेच्या डब्यात हे छान दिसते. जुन्या निळ्या डब्यांत पाण्याची टाकी संडासाच्या वर, छतात असे. पाणी आपल्या वजनाने खाली येई. नव्या एलएचबी डब्यांत मोठ्या टाक्या डब्याच्या पोटाखाली असतात आणि पंप ते पाणी वर चढवतो. हल्ली हौशी मंडळी ज्या फिरत्या घरांतून, म्हणजे कॅरॅव्हॅनमधून, सहलीला जातात, तिथेही बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप असतो. तोटी उघडली की तो सुरू होतो, बंद केली की थांबतो. आपल्या गच्चीवरचा प्रेशर पंप हा त्याचाच थोरला भाऊ.

उंचीचा हिशेब सोपा आहे. पाण्याचा स्तंभ सुमारे ३३ फूट उंच असेल तर खाली दर चौरस सेंटिमीटरला १ किलो एवढा दाब मिळतो. आता आपल्या घराकडे पाहा. गच्चीवर दोन फुटांच्या ओट्यावर टाकी आणि त्याच्या खालच्याच मजल्यावर न्हाणीघर. शॉवरपासून टाकीच्या तळापर्यंतची उंची जेमतेम पाच-सहा फूट, म्हणजे दाब पाव किलोही नाही. त्याच टाकीतून तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला मात्र १५-१६ फुटांचा जोर मिळतो. वरच्या मजल्यावरच्या काकू "खालच्यांनी नळ सोडला की आमचा शॉवर रडतो" म्हणतात, त्यात भांडखोरपणा काही नाही. ते निव्वळ भौतिकशास्त्र आहे. कपडे धुण्याच्या कित्येक स्वयंचलित यंत्रांना आणि झटपट गिझरना एवढ्या कमी दाबावर नीट काम करता येत नाही. यंत्र बिघडले म्हणून दुकानदाराशी वाद घालण्याआधी टाकीची उंची मोजून पाहावी.

आता त्या मोटरीकडे वळू. महापालिकेची जलवाहिनी भरलेली आणि दाबाखाली असते, तोवर तिच्यातल्या लहानसहान भेगांतून पाणी बाहेर गळते, बाहेरची घाण आत येत नाही. दाब हा त्या पाण्याचा पहारेकरीच असतो. पण आपल्याकडे पाणी दिवसातून काही तासच सुटते. पाणी बंद झाले की वाहिनी रिकामी होते, आणि तेवढ्यात कुणी मोटर लावून ओढ घेतली तर आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. मग वाहिनीच्या भोवतीच्या ओल्या मातीतले, शेजारून वाहणाऱ्या नालीतले पाणी भेगेतून आत खेचले जाते. ते आधी कुणाच्या घरात जाते? ज्याने मोटर लावली त्याच्या! कावीळ, विषमज्वर, हगवण यांची साथ उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या तोंडावर डोके वर काढते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. बहुतेक नगरपालिका अशा मोटरी जप्त करतात. जप्तीच्या भीतीने नव्हे, पण घरातल्या लहान मुलाच्या पोटाचा विचार करून तरी ही मोटर काढून टाकावी. आणि मोटर असो वा नसो, पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी भरू नये. ते झाडांना, अंगण धुवायला घालावे.

याच जातीचा दुसरा धोका उन्हाळ्यात घरोघर असतो आणि तो कुणाच्या ध्यानीही येत नाही. तो म्हणजे कूलर. दुपारी कूलर भरायला नळाला रबरी नळी जोडतात, नळीचे टोक कूलरच्या तळाशी सोडतात आणि गृहिणी इतर कामाला लागते. तेवढ्यात नळाचा दाब गेला, तर ती नळी उलटी चालते! वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून गळलेले, डासांच्या अळ्यांचे ते पाणी नळीवाटे घरच्या पाइपमध्ये शिरते. उपाय एका पैशाचाही नाही. नळीचे टोक पाण्यात बुडू न देता काठाच्या वर, वीतभर उंच बांधावे. बादलीत, हौदात, मोरीत सोडलेल्या नळीलाही हाच नियम.

योग्य रचना अशी: नळाचे पाणी आपल्या जोराने जमिनीखालच्या हौदात पडू द्यावे, तिथून मोटरीने गच्चीवरच्या टाकीत चढवावे, आणि जोर कमी पडत असेल तर टाकीनंतर प्रेशर पंप बसवावा. हौदातून पाणी ओढले तर ते आपलेच पाणी असते. त्यात ना शेजाऱ्याचा वाटा जातो, ना नालीतले पाणी येते. जागा कमी असेल तर दोन-तीनशे लिटरची प्लॅस्टिकची टाकी अंगणात ठेवूनही हे भागते.

प्रेशर पंप घेण्याआधी मात्र एक दुसरा प्रयोग करून पाहावा. दहा लिटरची बादली घ्या, एकच तोटी पूर्ण सोडा आणि बादली किती वेळात भरते ते घड्याळात पाहा. एका मिनिटात भरली तर धार चांगली. तीन मिनिटे लागली तर कुठे तरी अडथळा आहे. हा आकडा दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवावा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजावा. पुष्कळदा दोष दाबाचा नसतोच. तोटीची जाळी कचऱ्याने भरलेली असते, शॉवरची भोके क्षाराने बुजलेली असतात, किंवा जुन्या लोखंडी पाइपात आतून गंज चढून अर्ध्या इंचाचा पाइप पेन्सिलीएवढा उरलेला असतो. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांना क्षाराचा त्रास अधिक. शॉवरची चकती काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवली आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने घासली की ती नव्यासारखी होते. गंजलेल्या पाइपावर जोराचा पंप बसवणे हा मात्र मूर्खपणा. पाइप भिंतीच्या आतच फुटतो आणि दिवाळीपूर्वी दिलेला रंग होळीला पापुद्र्यांनी उतरतो.

पंप बसवलाच, तर त्याची निगा कठीण नाही. पंपाशेजारी एक लहान गोल टाकी असते, तिच्या आत रबराचा पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. तोटी जराशी उघडली तर ही दाबलेली हवाच पाणी पुढे ढकलते आणि पंपाला ऊठसूट चालावे लागत नाही. ही हवा हळूहळू कमी होत जाते. मग एक मजेशीर पण महागडे दुखणे सुरू होते: तोटी सोडली की पंप टक-टक करीत क्षणाक्षणाला चालू-बंद होतो. असे ऐकू आले की दुर्लक्ष करू नये, नाही तर आधी प्रेशर स्विच जळतो आणि मागोमाग मोटर. पंपाची वीज बंद करून, तोटी उघडून पाण्याचा दाब शून्यावर आणावा आणि सायकल-स्कूटरच्या टायरचा दाब मोजण्याच्या मापकाने गोल टाकीतली हवा तपासावी. पंप ज्या दाबाला सुरू होतो त्यापेक्षा ती थोडी कमी हवी. पंप दीड किलोला सुरू होत असेल, तर हवा सव्वा किलोच्या आसपास. कमी असेल तर सायकलच्या पंपाने भरता येते. हवेच्या झडपेतून पाणीच बाहेर आले तर पडदा फाटला असे समजावे आणि मिस्त्रीला बोलवावे.

दुसरी खूण रात्रीची. सगळ्या तोट्या बंद, घर झोपलेले, आणि तरीही पंप मधूनच घूं करून चालतो. भूत वगैरे काही नाही. कुठे तरी पाणी झिरपते आहे. दहांपैकी बहुतेक वेळा गुन्हेगार संडासाची फ्लशची टाकी असते. तिच्यात खाण्याचा रंग चिमूटभर टाकावा आणि अर्धा तास फ्लश वापरू नये. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचा वॉशर बदलावा. तसे नसेल तर पंपाजवळचा, पाणी मागे न जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तपासून घ्यावा.

पंप लावताना तीन गोष्टी मिस्त्रीकडून आग्रहाने करून घ्याव्यात. एक, पंपाला वळसा घालून जाणारा बायपास पाइप. म्हणजे वीज गेली तरी टाकीचे पाणी निदान आपल्या वजनाने खाली येईल आणि साबण लावलेले आजोबा न्हाणीघरात अडकणार नाहीत. दुसरी, टाकी रिकामी झाल्यास पंप आपोआप थांबण्याची सोय. तिसरी, चांगले अर्थिंग आणि गळतीचा करंट तोडणारा स्विच. पाणी आणि वीज शेजारी नांदतात तिथे काटकसर नको. छतावर सौर बंब असेल तर आणखी जपावे. काचेच्या नळ्यांचे साधे बंब दाबासाठी बनवलेले नसतात. त्यांच्या वाटेवर प्रेशर पंप जोडला तर टाकी फाटू शकते.

टाकी उंच केली तर पंपाशिवायही थोडा जोर वाढतो, म्हणून कित्येक जण लोखंडी घोड्यावर टाकी चढवतात. विचार चांगला, पण १,००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. २२ मे १९९७ च्या पहाटेचा भूकंप जबलपूरकर विसरलेले नाहीत. हे वजन गच्चीच्या मधोमध नव्हे, तर खालून खांब किंवा भक्कम भिंत आलेल्या जागीच ठेवावे, घोडा स्लॅबला बोल्टांनी पक्का बांधावा आणि टाकीतून निघणाऱ्या पाइपाचा पहिला तुकडा लवचीक असावा.

टाकीची सफाई वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि पावसाळा संपल्यावर. गाळ काढून, घासून, टाकी पुन्हा भरावी. १,००० लिटरला सुमारे २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे स्वच्छ पाणीच टाकीत ओतावे. प्रत्येक तोटी वास येईपर्यंत सोडून बंद करावी आणि रात्रभर तसेच ठेवावे. पाणी शुद्ध करण्याचे आरओ यंत्र त्याआधीच बंद करून त्याची वाट तोडावी, कारण क्लोरीनने त्याचा पडदा खराब होतो. हे पाणी पिण्याचे किंवा स्वयंपाकाचे नाही. सकाळी सगळे सोडून द्यावे आणि टाकी दोनदा विसळावी. रोजच्या पाण्याला एवढा मारा लागत नाही. शंका असेल तेव्हा १,००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरते. जमिनीखालचा हौद मात्र घरच्या मुलांना उतरवून साफ करून घेऊ नये. झाकण बराच वेळ उघडे ठेवून, वर एक माणूस उभा करूनच जाणत्याने आत उतरावे.

आणि एका रविवारी घरातल्या सगळ्यांना गच्चीवर न्यावे. कुठला व्हॉल्व्ह स्वयंपाकघराचा, कुठला न्हाणीघराचा, बायपास कुठला, हे प्रत्येकावर ऑइलपेंटने लिहावे. पाइप फुटतो तो नेमका घरचे कर्ते पुरुष कारखान्यात आणि सूनबाई एकटी घरी असताना, आणि तेव्हा मिस्त्रीचा फोन कधीच लागत नाही.