पेस्ट करण्याआधी वाचा की!

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दिवसभर ऐकू येणारं वाक्य कोणतं? 'अरे, ती कमांड पाठव ना!' व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी येतात, आपण त्या जशाच्या तशा टर्मिनलमध्ये टाकतो आणि एंटर मारतो. चाललं? चाललं! विषय संपला. त्या ओळींनी नेमकं काय केलं, हे कुणी विचारत नाही. आता तर चॅटबॉट अर्ध्या मिनिटात अख्खी स्क्रिप्ट लिहून देतो.

पण सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणाऱ्यांचं सगळं काम अशाच छोट्या ओळींवर चालतं. रात्री दोनला बॅकअप घे, जुन्या लॉग फाइल्स काढून टाक, डिस्क भरत आली की मेल पाठव. दहा-वीस ओळींचा मामला. नीट चालल्या तर कुणाच्या लक्षातही येत नाहीत. चुकल्या की मात्र महागात पडतात.

जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या 'स्टीम' या गेमिंग अ‍ॅपचं प्रकरण गाजलं. त्याच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती : या पत्त्यावरच्या फोल्डरमधलं सगळं काढून टाक. एका युजरने फोल्डर दुसरीकडे हलवलं, पत्त्याचं व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि हुकूम उरला फक्त 'सगळं काढून टाक'! त्याच्या फाइल्स गेल्याच, जोडलेल्या ड्राइव्हवरचा बॅकअपही गेला. कहर म्हणजे, ती ओळ भीतीदायक आहे अशी टिप्पणी लिहिणाऱ्यानेच वर करून ठेवली होती. धोका कळला होता, पण व्हेरिएबल रिकामं आहे का हे तपासणारी ओळ काही घातली नव्हती.

दुसरं उदाहरण 'गिटलॅब'चं, ३१ जानेवारी २०१७ चं. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या इंजिनिअरला दुय्यम सर्व्हरवरचा डेटा काढायचा होता. कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच शिल्लक होते. मग बॅकअप शोधला, तर तोही नाही! बॅकअपची स्क्रिप्ट चुकीच्या आवृत्तीचं टूल वापरत असल्याने फसत होती आणि फसल्याचे मेल वाटेतच नाकारले जात होते. म्हणजे पोरगं रोज नापास आणि निकाल घरी पोचतच नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट होता, त्यावर निभावलं.

दोन्हीकडे गोष्ट एकच. ओळ छोटी म्हणून तिच्याकडे कुणी पुन्हा बघितलं नाही.

कॉपी करू नका, असं कुणी म्हणत नाही. मुरलेले अ‍ॅडमिनही करतात. पण सवयी तर लावता येतात! काढून टाकणारी ओळ असेल, तर आधी 'इको' लावून ती कशाकशाला हात लावणार ते नुसतं छापून बघा. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -यू' लिहा, न ठरवलेलं व्हेरिएबल आलं की ती तिथेच थांबते. 'शेलचेक' हे फुकट टूल अशा चुका आधीच दाखवतं. सिस्कोच्या दूरच्या राउटरवर बदल करताना जाणकार आधी 'रिलोड इन १०' देतात. संपर्क तुटलाच, तर दहा मिनिटांनी राउटर रीस्टार्ट होतो आणि सेव्ह न केलेला बदल पुसला जातो. काम नीट झालं, तर तो रिलोड आठवणीने रद्द करायचा, एवढंच.

यातलं आपल्याला शिकवतं कोण? प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आउटपुटची प्रिंट चिकटवली की सही मिळते. त्याऐवजी व्हायव्हात एकच प्रश्न विचारा : 'हे व्हेरिएबल रिकामं आलं, तर ही ओळ काय करेल?' सबमिशनच्या आठवड्यात एकदा बॅकअपमधून फाइल परत आणून दाखवायला लावा. कारण परत आणून बघितलेला नाही, तो बॅकअप नव्हेच.

उद्या नाइट शिफ्टला खरा सर्व्हर हातात येईल तो फ्रेशर म्हणूनच, आणि काही बिघडलं तर पहिलं बोटही त्याच्याकडेच जाईल. तेव्हा 'मित्राने पाठवली होती' किंवा 'चॅटबॉटने दिली होती' हे उत्तर कुणी ऐकून घेणार नाही. एंटर आपण मारतो, मग ओळही आपलीच.