टायसनचं पुनरागमन आणि मोजूनमापून निवडलेले प्रतिस्पर्धी

१६ नोव्हेंबर २०२४ च्या सकाळी माझा भाचा मोबाइल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. अमेरिकेत टेक्सासमध्ये माइक टायसन आणि जेक पॉल यांची लढत चालू होती. चित्र मधूनमधून अडकत होतं. टायसन ५८ वर्षांचा, समोरचा २७ वर्षांचा. दोन-दोन मिनिटांच्या आठच फेऱ्या, पण सुरुवातीच्या दोनेक फेऱ्यांनंतर टायसनचे पाय जड झाले ते झालेच. भाच्याने विचारलं, "मामू, हाच का तुमचा टायसन?"

'तुमचा' हा शब्द त्याने सहज वापरला असेल, पण तो खरा होता. २५ मार्च १९९५ ला टायसन इंडियाना राज्यातल्या तुरुंगातून सुटला आणि तिथून जवळच्याच मशिदीत नमाजासाठी गेला. मुहम्मद अलीही तिथे होता. तुरुंगात त्याने इस्लाम स्वीकारल्याची बातमी आमच्या मोहल्ल्यापर्यंत पोचली होती. तो बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आला आहे, याकडे आम्ही सोयीस्कर डोळेझाक केली. आपला माणूस परत आला, एवढंच आम्हाला पुरेसं होतं. त्यानंतर त्याने जिंकलेल्या प्रत्येक लढतीची बातमी आम्ही आनंदाने वाचली. त्या लढती कोणाशी होत्या, हे विचारणारा आमच्यात कोणी नव्हता. तो प्रश्न आज तरी विचारायला हवा.

आधी हिशेब मांडू. १९ ऑगस्ट १९९५, लास वेगास. समोर पीटर मॅकनीली. ३६ विजय आणि एक पराभव असा त्याचा आकडा छापून आला होता, पण ते विजय कोणावर मिळवले, हे पाहिलं की आकड्याची हवा निघून जात होती. ८९ सेकंदांत तो दोनदा खाली गेला, त्याचा मॅनेजर रिंगमध्ये शिरला आणि लढत संपली. डिसेंबरमध्ये बस्टर मॅथिस ज्युनियर. तो अपराजित होता, पण त्याच्या ठोशात दम नव्हता. तिसऱ्या फेरीत आटोपला. मार्च १९९६ मध्ये फ्रँक ब्रुनो, पुन्हा तिसरी फेरी. सप्टेंबरमध्ये ब्रूस सेल्डन, तो पहिल्याच फेरीत गार. चार लढती मिळून रिंगमधला वेळ वीस मिनिटांहूनही कमी.

टायसनची बाजू घेणारे दोन मुद्दे मांडतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की माणूस चार वर्षं रिंगबाहेर होता. शेवटची लढत त्याने जून १९९१ मध्ये खेळली होती. गंज काढायला हलक्या लढती लागतातच. आपल्याकडेही दुखापतीतून उठलेल्या मल्लाला कोणी लगेच मोठ्या जोडीला उभं करत नाही. दुसरा मुद्दा, ब्रुनो आणि सेल्डन हे विश्वविजेते होते, त्यांना कच्चे कसं म्हणायचं?

पट्टे त्यांच्याकडे होते, हे खरं. पण ब्रुनोला टायसनने १९८९ मध्येच हरवलं होतं, त्यामुळे तिथे नवं काही सिद्ध व्हायचं नव्हतं. सेल्डन ज्या ठोशांवर कोसळला ते नीट लागले तरी का, यावर आजही वाद होतो. त्या रात्री प्रेक्षकच 'फिक्स, फिक्स' असं ओरडत होते. मी तिला नुरा कुस्ती म्हणणार नाही. तसं म्हणायला पुरावा लागतो. शिवाय नुरा कुस्तीत निकाल आधी ठरतो, इथे फक्त जोड ठरवली जात होती. टायसनचं नाव ऐकूनच ज्यांचे हातपाय गळतात असे लोक समोर उभे केले, की निकाल वेगळा ठरवायची गरजच उरत नाही.

त्या काळात टाळला गेलेला माणूस कोण, हे पाहिलं की निवडीमागची नियत कळते. लेनॉक्स लुईस डब्ल्यूबीसी पट्ट्याचा हक्काचा आव्हानवीर होता. त्याला बाजूला थांबण्यासाठी ४० लाख डॉलर मिळाले, आणि पुढे टायसनने त्याच्याशी लढण्याऐवजी तो पट्टाच सोडून दिला. हे दोघे अखेर समोरासमोर आले २००२ मध्ये, मेम्फिसला. तोवर टायसन ३५ वर्षांचा झाला होता. आठव्या फेरीत तो पाठीवर पडला.

मग सोपे प्रतिस्पर्धी घेणं हेच चूक का? मला तसं वाटत नाही. जॉर्ज फोरमनचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. दहा वर्षांच्या खंडानंतर, १९८७ मध्ये, ३८ व्या वर्षी तो परतला आणि चार वर्षांत २४ लढती जिंकला. त्यातले बरेच प्रतिस्पर्धी नावापुरतेच होते, लोक हसतही होते. पण फोरमन त्या लढतींतून दम परत मिळवत होता, आपल्या जड शरीराला साजेशी संथ शैली घडवत होता. एप्रिल १९९१ मध्ये तो इव्हँडर होलीफील्डसमोर पूर्ण १२ फेऱ्या उभा राहिला. हरला, पण गुणांवर. नोव्हेंबर १९९४ मध्ये मायकल मूररला पाडून ४५ व्या वर्षी तो पुन्हा विश्वविजेता झाला. हलक्या लढती त्याच्यासाठी तालीम होत्या. टायसनच्या वाट्याला तालीम आलीच नाही. ८९ सेकंदांत कसली तालीम होणार? डॉन किंगला तिकिटं विकायची होती, ती विकली गेली.

अलीचं पुनरागमन तर या दोघांहून वेगळं. व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिल्यामुळे त्याची साडेतीन वर्षं गेली. ऑक्टोबर १९७० मध्ये तो परतला तो जेरी क्वारीसारख्या तगड्या माणसाविरुद्ध. सहा आठवड्यांनी ऑस्कर बोनावेनाशी पंधराव्या फेरीपर्यंत झुंजला. तीन महिन्यांनी समोर जो फ्रेझर. ती लढत तो हरला, पण शेवटच्या फेरीत खाली पडूनही उठला. पुढे १९७४ मध्ये त्याने आधी फ्रेझरला आणि मग फोरमनला हरवलं. म्हणून अली कायम धुतल्या तांदळासारखा होता, असंही नाही. उतरत्या काळात त्यानेही सोप्या लढती घेतल्या. फेब्रुवारी १९७८ मध्ये फक्त सात व्यावसायिक लढतींचा अनुभव असलेला लिऑन स्पिंक्स समोर घेतला आणि त्याच्याकडूनच हरला.

टायसनच्या बाबतीतही शेवटी हेच झालं. ९ नोव्हेंबर १९९६ ला होलीफील्ड समोर आणला गेला, तोही संपलेला माणूस समजूनच. वर्षभरापूर्वी रिडिक बोने त्याला आठव्या फेरीत पाडलं होतं. त्याच्या हृदयात दोष असल्याची चर्चाही होऊन गेली होती. लढत जाहीर झाली तेव्हा सट्टेबाजांचा भाव २५ ला १ होता. पण होलीफील्ड घाबरला नाही, आणि न घाबरणाऱ्या माणसाशी कसं लढायचं याचा सराव टायसनला आधीच्या चारांपैकी एकाही लढतीत मिळालेला नव्हता. अकराव्या फेरीत रेफरीने लढत थांबवली. त्या एका रात्री टायसन आधीच्या चारही लढतींच्या बेरजेपेक्षा जास्त वेळ लढला होता.

म्हणून माझं उत्तर असं, की निवड गरजेपेक्षा जास्त काळजीने झाली आणि तिचं पहिलं नुकसान टायसनचंच झालं. सुटला तेव्हा तो २८ वर्षांचा होता, सुधारायला वेळ होता. पण आपल्यात काय कमी आहे हे त्याला कोणी दाखवलं नाही. सोबतच्यांना पैसा मिळत होता आणि दूरवर आमच्यासारखे टाळ्या वाजवत होते. एखाद्यावर प्रेम करायचं तर त्याला नसीहतही करावी लागते, हे आमच्या घरांत लहानपणापासून शिकवलं जातं. नसीहत म्हणजे भलं चिंतून सांगितलेली कडू गोष्ट. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला ती सर्वांत जास्त हवी होती, रिंगमध्येही आणि रिंगबाहेरही.

भाच्याला मी एवढं सगळं सांगितलं नाही. आठवी फेरी संपली, निकाल पॉलच्या बाजूने लागला. मी त्याला म्हणालो, "बेटा, एकेकाळी टायसनसाठी सोपा माणूस शोधायचे. आज तो सोपा माणूस टायसनच आहे." त्याने मोबाइल बंद केला आणि विचारलं, "मग तो तयार का झाला?" मी पैशाचं कारण सांगितलं. ते अर्धंच कारण आहे, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.