नमुन्याची वाट

रक्त तपासायला दिले आणि कापसाचा बोळा दाबत बाहेर आलो, की आपल्यापुरते काम संपते. नमुन्याचा प्रवास मात्र तेथून सुरू होतो. नळीवर नाव, वहीत नोंद, बाकीच्या नळ्या जमेपर्यंत थांबणे, प्रयोगशाळेपर्यंतची ने-आण, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणे, मग तपासणी, अहवालावर सही आणि शेवटी डॉक्टरांचे टेबल. यात प्रत्यक्ष तपासणीचा वेळ बहुधा थोडाच असतो. बराच वेळ नळी कोठेतरी स्टँडमध्ये उभी असते.

अहवाल चुकला की आपण यंत्राला दोष देतो. इटलीतील पादुआ येथे प्लेबानी आणि कारारो या संशोधकांनी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतील चुका मोजल्या. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ४०,४९० तपासण्यांमागे १८९ चुका आढळल्या. त्यांपैकी सुमारे ६८ टक्के चुका नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच झाल्या होत्या. प्रत्यक्ष तपासणीतल्या केवळ १३ टक्के होत्या. दहा वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हाही तपासणीपूर्वीच्या चुकांचाच वाटा सर्वांत मोठा, सुमारे ६२ टक्के निघाला. तेव्हा केवळ नवे, महागडे यंत्र आणून हा प्रश्न सुटणारा नाही.

वाया जाणे म्हटले की आपल्याला कचऱ्याची पिशवी आठवते. टोयोटा कारखान्याच्या ताईची ओहनो यांनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले. त्यांत खराब मालाबरोबर ताटकळणे, उगाच ने-आण आणि गरजेपेक्षा जास्त साठाही येतो. प्रयोगशाळेला हे तंतोतंत लागू पडते. साध्या नळीत रक्त नुसते पडून राहिले, तर पेशी त्यातील साखर वापरत राहतात आणि ती तासाला साधारण पाच ते सात टक्क्यांनी घटते. नळी जोराने हलवली तर तांबड्या पेशी फुटतात, त्यांतले पोटॅशियम बाहेर येते आणि अहवालात ते खोटेच वाढलेले दिसते. मग पुन्हा सुई, पुन्हा नळी, पुन्हा हेलपाटा. तालुक्याहून आलेल्या रोजंदारीवरच्या माणसाची आणखी एक दिवसाची मजुरी बुडते. हा खर्च प्रयोगशाळेच्या हिशेबात कोठेच दिसत नाही.

उपाय तसा साधा आहे. एका नळीचा पाठलाग करायचा, हातात घड्याळ आणि वही घेऊन. प्रत्येक टप्प्यापुढे लिहायचे: हे काम, ही ने-आण, ही पडताळणी, हे नुसते थांबणे. गिलब्रेथ दांपत्याने असे कामाचे नकाशे १९२१ सालीच अभियंत्यांपुढे मांडले होते. नकाशा पुरा झाला की एकेका टप्प्याला विचारायचे, हा गाळला तर रुग्णाचे काही बिघडेल काय? स्टँड भरण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या नळ्या पाठवणे, रुग्णासमोरच नळीवर नाव लिहिणे, आधी मुदत संपणारे रसायन आधी वापरणे, या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही.

धोका वेगळाच आहे. बचतीच्या नावाखाली माणसे कमी करायची आणि रोजची यंत्र-पडताळणी गाळायची, असा सोयीचा अर्थ व्यवस्थापन काढू शकते. पडताळणी म्हणजे उधळपट्टी नव्हे. अहवालावरचा विश्वास तिच्यावरच उभा असतो. शिवाय नळी कोठे अडते हे रक्त काढणारी परिचारिका आणि नळ्या वाहणारा शिपाई यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. नकाशा काढताना त्यांना शेजारी बसवावे आणि दोष शोधायचा तो कामाच्या रीतीत, त्यांच्यात नव्हे.

आपणही एवढे करू शकतो. रक्त देऊन उठण्यापूर्वी नळीवर आपले नाव लिहिले गेले काय, ते बरोबर आहे काय, हे पाहावे. तसे विचारण्यात संकोच नको. त्या कागदावरून उद्या आपल्याच घरातल्या कोणाचे तरी औषध ठरणार असते.