मुंबईत उतरल्यानंतर

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावू लागली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचे भरभरून कौतुक केले. कौतुक योग्यच होते. ३३.५ किलोमीटरचा मार्ग, २७ स्थानके, आणि त्यांतली दोन चक्क विमानतळाची! सहारला विमानातून उतरलेला माणूस आता ७० रुपयांच्या आत चर्चगेटला पोहोचू शकतो. ज्या शहरात विमानतळाबाहेर पाऊल टाकताच टॅक्सीवाल्यांचा गराडा पडायचा, त्या शहरात ही सोय झाली याचा आनंद कोणाला होणार नाही? वरळी नाक्याच्या स्थानकाला आचार्य अत्र्यांचे नाव मिळाले, याचा तर मराठीच्या विद्यार्थ्याला विशेष आनंद.

हे सारे कबूल करूनही एक प्रश्न मनात राहतोच. मुंबईला येणारा पाहुणा म्हणजे नेमका कोण?

योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा चाकांची बॅग ओढीत येणारा प्रवासी किंवा व्यापारी असावा. पण आपल्या भागातून मुंबईला कोण जाते ते पाहा. कोणी भरतीच्या परीक्षेला जातो, कोणी मुलाखतीला. कोणी मंत्रालयात अडकलेला कागद सोडवायला जातो. कोणी घरच्या आजारी माणसाला परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायला नेतो. आणि विमानतळाचेच म्हणाल, तर तेथेही सगळे श्रीमंत नसतात. आखातात नोकरीला निघालेला मुलगा, त्याला पोचवायला आलेले आईवडील, मामा आणि दोन लहान भावंडे, असा कुटुंबकबिला सहारला पाहावयास मिळतो. आखाताची विमाने पुष्कळदा रात्रीची. मुलगा आत गेला की ही मंडळी रात्री बारा-एक वाजता रस्त्यावर! मेट्रो बंद झालेली असते. लोकलही एकच्या सुमारास थांबते ती पहाटे चारपर्यंत. उरते टॅक्सी. म्हणजे सोय आहे, परंतु ती शहराच्या झोपेच्या वेळा सांभाळून आहे. पाहुण्याच्या वेळा सांभाळून नाही.

मुंबईची वाहतूक वाईट आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. एवढी स्वस्त आणि एवढी अखंड वाहतूक देशात फार थोड्या शहरांना लाभली असेल. १८५३ सालापासून तेथे आगगाडी आहे, १९२६ पासून बस आहे. बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० रुपये झाले, तरीही ते रिक्षाच्या २६ आणि टॅक्सीच्या ३१ रुपयांपुढे किरकोळच. माझे म्हणणे एवढेच की ही सारी व्यवस्था ज्याला ती आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी आहे. मुंबईकर ती आईच्या दुधाबरोबर शिकतो. परगावच्या माणसाला मात्र अनोळखीपणाचा दंड भरावा लागतो; कधी पैशांत, कधी वेळेत, आणि बरोबर आजारी माणूस असेल तर त्याच्या हालांत.

एक उदाहरण घ्या. लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्या लोकमान्य टिळक टर्मिनसला येऊन थांबतात. लोक त्याला कुर्ला टर्मिनस म्हणतात. नवखा माणूस समजतो की बाहेर पडले की कुर्ल्याची लोकल मिळेल. ती मिळत नाही. कुर्ल्याचे लोकल स्थानक वेगळे, आणि जवळचे स्थानक म्हणावे तर हार्बर मार्गावरचे टिळकनगर. तेथवर सामान घेऊन चालावे लागते. मग तो रिक्षाकडे वळतो आणि परळला चला म्हणतो. पण रिक्षाची हद्द शीवपाशी संपते, पुढे शहरात तिला मज्जाव! हा नियम मुंबईत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण टर्मिनसवर पहाटे पाच वाजता उतरलेल्या, एका हातात क्ष-किरणांची पाकिटे आणि दुसऱ्या हाताने वडिलांचा दंड धरलेल्या मुलाला तो कोण सांगणार? वांद्रे टर्मिनसची कथा फारशी निराळी नाही. तेथेही टर्मिनस आणि लोकलचे वांद्रे स्थानक ही दोन वेगळी प्रकरणे आहेत.

लोकलचे इंडिकेटर हे तर एक शास्त्रच आहे. एक-दोन अक्षरांत गाडीचे शेवटचे स्थानक, मग धीमी की जलद, मग डबे बारा की पंधरा. हे वाचायला शिकेपर्यंत गाडी सुटते, आणि चुकून जलद गाडीत चढलात तर तुमचे स्थानक डोळ्यांदेखत मागे पडते. दादरला वर्षानुवर्षे एक नंबरचे दोन प्लॅटफॉर्म होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्य रेल्वेचा. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेने आपल्या प्लॅटफॉर्मांना ८ ते १४ असे क्रमांक दिले आणि घोटाळा मिटला. नुसत्या पाट्या बदलल्या! ही सुधारणा मला भुयारी मेट्रोच्या तोडीची वाटते.

बसचे आकडे समोर मराठीत असत आणि इंग्रजी आकडा कडेला. आपल्याला ते सोयीचे होते. परंतु टाटा रुग्णालयात बंगालहून, आसामहून माणसे येतात. त्यांनी काय करावे? मराठीचा अभिमान मलाही आहे, पण बसचा क्रमांक ही अभिमानाची जागा नव्हे. आता दिव्यांच्या पाट्यांवर दोन्ही लिपी आळीपाळीने दिसतात, हे ठीक झाले. नावांचेही तसेच. व्ही. टी.चे १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ मध्ये त्यात महाराज आले. एल्फिन्स्टन रोडचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. नावे बदलावीत, माझा विरोध नाही. मात्र गावाकडच्या काकांनी सांगितलेला पत्ता जुन्याच नावाचा असतो, म्हणून काही वर्षे तरी नव्या नावाखाली बारीक अक्षरांत जुने नाव ठेवायला काय हरकत होती? आणि मेट्रोच्या पहिल्या मार्गावर २०१४ पासून ‘विमानतळ मार्ग’ नावाचे स्थानक आहे, तेथे उतरल्यास विमानतळ समोर दिसत नाही. नावावर विसंबून तेथे सामानासह उतरणाऱ्याने काय समजावे?

कोणी म्हणेल, आता मोबाइलमध्ये सगळे कळते. कळते, ज्याला विचारायचे काय हे कळते त्याला. शिवाय रात्रभराच्या प्रवासानंतर मोबाइल जिवंत असावा लागतो. माझ्या अनुभवाने मुंबईत सर्वांत भरवशाचे साधन अजूनही फलाटावरचा हमाल किंवा पेपरवाला हेच आहे. मात्र शहराने आपले काम त्याच्या भलेपणावर सोपवावे, हे मला पटत नाही.

बरे, मुंबईला हे जमत नाही असेही नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात, त्यांतली बहुतेक खेड्यापाड्यांतून. त्या वेळी जादा लोकल सुटतात, जादा बस धावतात, शिवाजी पार्कवर मंडप उभे राहतात, दादरला वाट दाखवायला स्वयंसेवक असतात. माणसे येतात आणि सुखरूप परत जातात. मग टिळक टर्मिनसवर, परळच्या एस.टी. स्थानकावर आणि सहारच्या दाराशी रोज पहाटे चार ते आठ एक खिडकी का उघडी असू नये? आत बसलेल्या माणसाने तिकीट विकू नये, काहीच विकू नये. फक्त वाट सांगावी. आणि विमाने रात्रभर उतरतात तर विमानतळाहून दादर व ठाण्याकडे तासाला एक बस रात्रभर का नसावी?

ती खिडकी उघडेल तेव्हा उघडेल. तोवर आम्ही दोघातिघांनी एक कागद तयार करून वाचनालयाच्या फलकावर लावला आहे. त्यावर पहिली ओळ अशी: टिळक टर्मिनसहून टाटा रुग्णालयास जाण्यासाठी टिळकनगर स्थानकापर्यंत चालत, तेथून हार्बरच्या गाडीने कुर्ला, कुर्ल्याला गाडी बदलून धीम्या लोकलने परळ, आणि परळला पूर्वेकडे उतरावे. वांद्रे टर्मिनसची आणि रात्रीच्या विमानतळाची ओळ अद्याप कोरी आहे. ज्यांना ठाऊक असेल त्यांनी ती भरावी.